टंच मशीनवर आलेलं दुसरं नाव

सदाशिवरावांचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. ते नसते तर मी आज कुंभकोणममध्ये नसतो. तंजावरी मराठी माणूस, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमधून रिटायर झालेत आणि आमच्या गल्लीतल्या दुकानांचे कॉम्प्युटर तेच बघतात.

मंडळी, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी हसत बाहेर पडायचो... नववीत शाळा सोडली आहे, लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तसाच मी इथं शेठच्या दुकानात आलो. वर्षभर भट्टी केल्यावर शेठनी मला टंच मशीनवर बसवलं. दागिना आत ठेवायचा, त्यात सोनं किती ते कॉम्प्युटरवर येतं, कागद छापून गिऱ्हाईकाला द्यायचा. कागदाच्या तळाला, कॉम्प्युटर ज्या नावानं उघडला ते नाव येतं. मी आल्यापासून कायम एकच — 'लॅब'.

मला तिथं माझं नाव हवं होतं. बहिणीला फोटो पाठवायचा होता, की बघ, तुझा दादा नुसती भट्टी फुंकत नाही... बस, एवढंच.

एका सकाळी शेठ पापनाशमला गेले होते. मोबाईलवर व्हिडिओ बघत मी सुरुवातीच्या स्क्रीनवर आमच्या डोंगराचा फोटो लावला, माझ्या नावाचं खातं उघडलं. मग रजिस्ट्री म्हणून आतली एक सेटिंग असते, तिच्यात जाऊन 'लॅब' हे नाव लपवलं. म्हणजे चालू केल्यावर डोंगर आणि माझं नाव, बाकी काही नाही. रीस्टार्ट केला. काय झकास दिसत होतं! फोटोही काढला.

पण टंचाचं सॉफ्टवेअर माझ्या नावावर उघडेना. मालक-खात्याची परवानगी मागायचं. आणि मालक-खातं म्हणजे लॅब, तेच मी लपवलेलं. 'होय'चं बटण फिकट, दाबलंच जात नव्हतं. लॅब परत आणायलाही लॅबच लागत होतं.

तेवढ्यात साक्कोट्टैचे आसारी, म्हणजे सोनार, सहा बांगड्या घेऊन दारात. "तम्बी, शीक्रम!" लवकर कर म्हणून घाई. सदाशिवराव मरुदानल्लूरला भजनाला गेलेले, फोन बंद. शेठना वाटणार, मी मशीनशी मुद्दाम काहीतरी लबाडी केली. गलाईतून लबाडीचा ठपका घेऊन परत गेलेल्या पोराला आमच्या भागात दुसरा कुणी शेठ उभा करत नाही.

तीनदा रीस्टार्ट केला. चौथ्यांदा माझ्या नावाखाली आणखी एक नाव आलं — अंकुश. फोटो नाही, नुसता गोल. घाईत दाबलं. पासवर्ड मागितला नाही. सॉफ्टवेअर उघडलं, बांगड्या तपासल्या, कागद छापले. आसारी खूश होऊन गेले. मला वाटलं, असेल जुनं काहीतरी. कॉम्प्युटर बंद केला.

शेठ अकराला आले. दुकानाच्या प्रतीचा कागद बघितला आणि उभ्याचे खाली बसले.

"हे नाव कुणी घातलं?"

"आपोआप आलं, शेठ..."

"आपोआप? माझा भाचा तू यायच्या आधीच गेला. याच खुर्चीवर बसायचा. मेलेल्या पोराची थट्टा करतोस व्हय रं?"

मला अंकुश कोण हे माहीतच नव्हतं, आईची शपथ. दाखवायला म्हणून कॉम्प्युटर चालू केला... डोंगर आणि माझं नाव. बास. दुसरं नावच नाही.

"पुसलंस पण? बॅग भर. संध्याकाळच्या गाडीनं गाव गाठ."

मी बॅग भरत होतो तेव्हा सदाशिवराव आले, कपाळावर भजनाचा बुक्का तसाच. मी रडत सगळं सांगितलं, लॅब लपवल्याचंही. त्यांनी कसल्या कसल्या की दाबल्या, वेगळ्याच वाटेनं आत शिरले, तासभर खातीबिती, फोल्डर, सगळं चाळलं. मग खुर्ची शेठकडं वळवली.

"शेठ, अंकुशाचें खातें मीच पुसलें होतें, तुम्हीच सांगितलें म्हणून. तें आज येथें कोठेंच नाहीं."

"मग ह्यानंच केलं आणि पुसलं."

"पुसायला लॅब पाहिजे. लॅब ह्यानें आपल्या मूर्खपणानें लपविलें, तें आतां मी येईपर्यंत लपलेलेंच होतें. पोर मूर्ख आहे हें खरें. लबाड नाहीं."

सदाशिवरावांनी लॅब परत आणलं, आसारींना फोन करून एक बांगडी मागवली, पुन्हा तपासली. आकडा तोच आला. कागदावर खाली 'लॅब'. शेठनी सकाळचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पाठ वळवून म्हणाले, "बॅग आत ठेव."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, मग तो कागद छापला कुणी?"

"मज ठाऊक नाहीं रे," म्हणाले. "मज कॉम्प्युटर येतो, इतकेंच."

अजूनही मीच त्या मशीनवर बसतो. चालू करताना नावं वाचत नाही, खाली बघून लॅब दाबतो. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा, थट्टा मात्र नको. सदाशिवरावांनाही आजवर उलगडा झालेला नाही, मग माझी काय कथा...

ते कधी महाराष्ट्रात गेलेले नाहीत. परवा चहा पिताना मला विचारत होते, "तुमच्या गांवीं बाजारांत सगळींच मराठी बोलतात? भाजीवाली देखील?" मी हो म्हणालो, तर कितीतरी वेळ नुसते हसत बसले. एक दिवस मी त्यांना घेऊन जाणार. आमच्या आठवडी बाजारात मधोमध उभं करणार, हातात पिशवी देणार आणि म्हणणार — काका, घासाघीस करा, हवी तेवढी.