पुलावरून जाणारा येल्मर

वित्से हूकेमा आमच्या फ्रानेकर गावातल्या कालव्यावरचा पूल उचलायचा. सकाळची पाळी त्याची, दुपारनंतरची माझी. जहाज आलं की घंटा वाजवायची, फाटक पाडायचं, पूल वर घ्यायचा; जहाज गेलं की पूल खाली, फाटक वर. काम थोडं आणि बघणं फार. फाटकाशी अडकलेली माणसं वर केबिनकडे कधी बघत नाहीत. कुणाला जहाजाचा राग आलेला असतो, कुणाला वाऱ्याचा. आपल्याकडे कुणी पाहतंय हे त्यांच्या गावीही नसतं. मग ती नाक शिंकरतात, नवऱ्याला पुटपुटत शिव्या देतात, आपल्याशीच हसतात. त्या वेळात मी मोजे विणायचे. वित्से बघायचा.

बघण्याला कारण होतं. त्याची बायको बाउक्या सांध्यांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. पुढच्या खोलीत खिडकीला लागूनच तिचा पलंग होता, आणि आमच्याकडे सगळे ठेवतात तशी ती खिडकी उघडी, बिनपडद्याची. पण त्यांची गल्ली पुढं बंद. पोस्टमन आणि शेजाऱ्यांचं मांजर सोडलं तर त्या खिडकीवरून कुणी जात नसे. म्हणून वित्से पुलावरची माणसं घरी न्यायचा. सुरुवातीला खरी, दिसली तशी. नंतर बाउक्याला तेवढ्यानं भागेना.

गुरुवारी मला सुट्टी असे. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे, म्हणून हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"आज तो पाववाला आणि उंच बाई शेजारी शेजारी थांबली होती," वित्से सूप वाढता वाढता म्हणायचा.

"बोलली का?"

"छे. पण त्यानं आपली सायकल जरा सरकवली. तिला वारा लागू नये म्हणून."

"मग जमलं म्हण की!"

"अगं, बायको आहे त्याला."

"असेना. तिच्यासाठी सरकवतो का तो सायकल?"

मी हसायचे. म्हणायचे, "तुम्ही दोघं एखाद्या दिवशी कुणाचा तरी संसार मोडाल."

"आम्ही इथं पलंगावर बसून?" बाउक्या म्हणायची. "आमच्यामुळे कुणाचं काय वाकडं होणार आहे, हिल्के?"

त्या दोघांना मूल नव्हतं. का नव्हतं हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे असलं विचारत नाहीत.

एका शरद ऋतूत त्यांच्या घरात रेन्स्के आली. रेन्स्के हे त्यांनी ठेवलेलं नाव. बाई रोज सकाळी पुलावरून दूध-कारखान्याकडे जायची. तिशीची असेल, डोक्याला रुमाल, हातमोजे कधीच नाहीत. तिच्या सायकलला मागं लहान मुलाची बैठक होती आणि ती बैठक रोज रिकामी असायची. पाऊस असला तर फाटकाशी थांबलेली असताना ती मागं वळून बाहीनं ती बैठक पुसायची. स्वतःचं तोंड पुसायची नाही.

"मूल आजीकडे सोडून येत असेल," वित्से म्हणाला.

बाउक्यानं मान हलवली. "आजीकडे सोडलं असतं तर बैठक पुसली नसती. ते मूल गेलंय, वित्से."

"काहीतरीच काय!"

"गेलंय. कालव्यात बुडालं. तिला ठाऊक आहे आणि तरी ती त्याला रोज फिरवते."

खोलीत एकदम गार वाटलं मला. विषय हलका करावा म्हणून मी विचारलं, "बरं, नाव काय होतं त्याचं?"

वित्सेनं काही सुचवायला तोंड उघडलं, पण बाउक्या आधीच म्हणाली, "येल्मर."

वित्सेचा चमचा सूपमध्येच राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि जेवायला लागला. त्या दोघांत काहीतरी घडलं एवढं मला कळलं. काय ते कळलं नाही.

तो अख्खा हिवाळा येल्मर त्यांच्या घरात राहिला. दुसऱ्या कुणाची गोष्ट बाउक्याला नको असे. पाववाला बाजूला पडला, उंच बाईही. वित्से आल्या आल्या कोट काढायच्या आत ती विचारायची, "आज दिसला?" आणि वित्से सांगायचा. आज बैठकीवर बर्फ साचला होता, पण मधेच थोडा कमी होता, कुणी बसून उठल्यासारखा. आज रेन्स्के मागं वळून काही बोलली. आज वारा नव्हता तरी मागचं चाक हळू फिरत होतं.

एकदा बाहेर पडताना दारात मी त्याला म्हटलं, "वित्से, बस कर आता. तिला झोप लागत नाही म्हणते."

"मलाही लागत नाही," तो म्हणाला. "पण हिल्के, मी ते रचत नाही गं आताशा. मला खरंच तसं दिसतं."

जूनमध्ये एका सकाळी त्याचा मला फोन आला. "लवकर ये. मला पूल खाली घेता येत नाहीये."

मी धावत गेले. जहाज केव्हाच पुढं गेलं होतं. पूल तसाच आकाशात उभा, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, भोंगे, शिव्या. वित्से केबिनमध्ये स्टुलावर बसला होता आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मी दांडा ओढला, पूल खाली आणला, फाटक उघडलं.

"काय झालं रे? छातीत दुखतंय का?"

त्यानं बोटानं खाली दाखवलं. रेन्स्के सायकल हातात धरून पुलावर येत होती. मागच्या बैठकीत एक मूल होतं. तीन-चार वर्षांचं, भर उन्हाळ्यात डोक्यावर लोकरी टोपी, भुवया नाहीत, चेहरा पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखा पांढुरका. पुलाच्या मध्यावर आल्यावर त्यानं मान वर केली आणि सरळ केबिनकडे पाहिलं. मी म्हटलं ना, तिथं कुणी वर बघत नाही. ते मूल बघत होतं. मग त्यानं हात हलवला.

वित्से म्हणाला, "तो बुडालाय."

"वेडा आहेस का? जिवंत मूल आहे ते."

"ते मला दिसतंय. पण तो बुडालाय, हिल्के."

पुढं काही आठवडे हेच. ते मूल रोज जायचं, रोज हात हलवायचं, आणि वित्से रोज पाठ फिरवायचा. घरी मात्र तो जुनीच गोष्ट सांगत राहिला, रिकाम्या बैठकीची. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. गोष्टी रचणं वेगळं आणि हे वेगळं. त्याचं जेवण तुटलं. शेवटी मीच म्हटलं, "तिला जाऊन विचार. एकदा विचारलंस की संपेल."

"काय विचारू? बाई, तुमचं मूल मेलं नव्हतं का, असं?"

मग एका शनिवारी बाजारात ती चीजच्या टपरीपाशी दिसली. मूल तिच्या कोटाला धरून उभं होतं. वित्सेला मी जवळजवळ ढकललंच. तो टोपी काढून तिच्यापुढं उभा राहिला. "मी पुलावर असतो," एवढंच म्हणाला.

"ठाऊक आहे!" ती हसली. "हा रोज तुम्हाला हात करतो. तुम्ही कामात असता. सांदर, पुलावरच्या काकांना हात दे."

मुलानं हात दिला. वित्सेनं तो धरला आणि सोडेचना. हात गरम आहे का ते तो पाहत असावा.

तिचं नाव लिस्बेत होतं. मुलाला रक्ताचा आजार झाला होता. शरदापासून तो दूरच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात होता. ती आठवडाभर कारखान्यात काम करायची आणि सुट्टीला गाडीनं त्याच्याकडे जायची. आता तो घरी आला होता. डॉक्टर म्हणत होते, ठीक आहे.

"आणि ती बैठक?" वित्सेनं विचारलं. "ती सायकलला तशीच होती, हिवाळाभर."

लिस्बेतनं मुलाची टोपी नीट केली. "सगळे म्हणायचे, काढून ठेव, उगाच वजन. पण काढली असती तर तो येणार नाही असं मी कबूल केल्यासारखं झालं असतं. रोज सकाळी वाटायचं, ही आहे तोवर तो आहे."

वित्सेनं मान डोलावली, टोपी घातली आणि बाजारातून चालू लागला. मला त्याला गाठायला धावावं लागलं. कालव्याच्या कठड्याशी तो थांबला.

"ती रोज त्याला जिवंत ठेवत होती," तो म्हणाला. "आणि आम्ही रोज रात्री जेवताना त्याला बुडवत होतो."

"तिला काय ठाऊक त्याचं!"

"मला आहे ना."

त्याच संध्याकाळी त्यानं बाउक्याला सांगितलं. मला सोबत नेलं, एकट्याची हिंमत होत नव्हती म्हणून. मूल जिवंत आहे, नाव सांदर आहे, बरं होतंय, सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर आनंदेल. ती शांतपणे म्हणाली, "हा कुणी दुसरा. बरं झालं बिचाऱ्याचं. पण येल्मर कुठंय मग?"

"बाउक्या, येल्मर नव्हताच. तो आपण..."

"नव्हताच?" ती उशीवरून उठायला धडपडली. इतक्या वर्षांत मी तिला तशी उठताना पाहिली नव्हती. "वित्से हूकेमा, माझ्या तोंडावर सांग. नव्हता?"

वित्से पलंगाच्या कडेवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मग मला ते कळलं, जे तीसहून अधिक वर्षं त्या घरात कुणी बोललं नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बाउक्याला मुलगा झाला होता, जन्मतःच गेलेला. त्या काळी आईला दाखवत नसत. नर्सनं चादरीत गुंडाळून नेला आणि म्हणाली, घरी जा, विसरा, दुसरं होईल. दुसरं झालं नाही. कुठं पुरला ते सांगितलं नाही आणि विचारायचं असतं हे त्या कोवळ्या वयाच्या दोघांना माहीत नव्हतं. नाव मात्र आधीच ठरलेलं होतं.

"मी त्याला पाहिलाय," वित्से हातांआडून म्हणाला.

"काय?"

"दारातून. नर्स पलीकडच्या खोलीत नेत होती तेव्हा. टाळू दिसली. काळे केस होते, ओले."

बाउक्या परत उशीला टेकली. मग म्हणाली, "काळे होय? मी इतकी वर्षं पिवळे धरून चालले होते."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कॉफी ठेवली. दुसरं काय करणार? आतून आवाज येत होता, कधी तिचा, कधी त्याचा, भांडण नव्हे आणि रडणंही नव्हे. कान किती मोठे होते, हे ती विचारत होती.

ऑगस्टमध्ये चाकाची खुर्ची उसनी आणून आम्ही तिला दफनभूमीत नेली. तिथला म्हातारा रखवालदार चांगला माणूस होता. तशी मुलं कुठं ठेवत ते त्याला बापाकडून ठाऊक होतं. भिंतीलगतच्या हिरव्या कुंपणाखालची लांब पट्टी त्यानं दाखवली. दगड नाही, खूण नाही, नुसतं गवत.

"यातला कोणता?" बाउक्यानं विचारलं.

"ते कुणालाच सांगता यायचं नाही, बाई."

"किती आहेत?"

त्यानं खांदे उडवले. बाउक्यानं वित्सेला खुर्ची पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलायला लावली, अगदी सावकाश. मग परत. ती प्रत्येक हातभर जागेकडे नीट पाहत होती, बाळंतिणींच्या खोलीत एकेका पाळण्यात डोकवावं तशी. तिसऱ्या फेरीला वित्से दमला, पण थांबला नाही.

मला वाटलं होतं, आता त्या घरात शांतता येईल. एका अर्थी आलीही. वित्सेनं गोष्टी आणणं बंद केलं. लिस्बेतचं मूल हात हलवायचं तेव्हा तोही हलवायचा. सांदरचे केस परत आले, तपकिरी, आणि पुढं तो शाळेत जाऊ लागला.

पण वित्से निवृत्त व्हायच्या आधीच्या वसंतात बाउक्यानं हट्ट धरला की मला पुलावर न्या. खुर्चीतून, ब्लँकेटात गुंडाळून, दुपारी माझ्या पाळीत तो तिला घेऊन आला. फाटकाशी, माणसं थांबतात तिथं दोघं थांबली. मी वरून बघत होते. त्या दिवशी माझं विणकाम पिशवीतच राहिलं.

रेतीचं जहाज येत होतं, लांबलचक आणि सुस्त. माणसं जमली. बाउक्या एकेकाकडे बघत होती, पण सगळ्यांकडे नाही. बायका सोडून देत होती, म्हातारे सोडून देत होती, पोरंटोरं सोडून देत होती. तिशी ओलांडलेला पुरुष आला की मात्र तिची मान त्याच्याबरोबर वळायची. एक काळ्या केसांचा माणूस सायकल टेकवून तिच्या अगदी शेजारी थांबला. रंगाऱ्याचे कपडे होते, हातावर पांढरे शिंतोडे. तिनं त्याला इतकं निरखलं की त्याला जाणवलं. तो वळला. त्यानं हसून काहीतरी म्हटलं, आणि घसरलेलं ब्लँकेट उचलून तिच्या गुडघ्यांवर नीट टाकलं.

जहाज गेल्यावर मी पूल खाली घेतला, फाटक वर केलं. माणूस सायकलवर बसून गेला.

मी धावत खाली उतरले. "काय म्हणाला गं तो?"

"म्हणाला, गारठा आहे, सांभाळा," बाउक्यानं सांगितलं. ती अजून पुलाच्या पलीकडे बघत होती.

"कोण होता?" मी वित्सेला विचारलं. इतकी वर्षं त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं घरदार, लफडी, दुखणी त्यानं मला सांगितली होती.

"मला नाही माहीत," वित्से म्हणाला.

बाउक्यानं त्याचा हात धरला. "थांबू या अजून थोडं," ती म्हणाली. "पुढचं जहाज केव्हाचं आहे?"