बाईंचा ण

वेलांटीताईंचा घसा फक्त रविवारी बसायचा. सोमवार ते शनिवार त्या आमच्या ग्रुपवर अशा कडाडायच्या, की भल्याभल्यांच्या कविता अंग चोरून बसत. रविवार उजाडला की त्यांचा एकच मेसेज येई : ‘आज घसा बसला आहे. क्षमस्व.’

ग्रुपचं नाव ‘चार ओळी’, पण चार ओळींत थांबणारं त्यात कुणी नव्हतं. जालना जिल्ह्यातले आम्ही हौशी लिहिणारे. कुणी शिक्षक, कुणी औषधाच्या दुकानातला, मी अंबडच्या कोर्टात कारकून. दर रविवारी ज्याने त्याने आपलं लिखाण आपल्या आवाजात पाठवायचं, असा नियम होता. वर्षभर सगळ्यांचे आवाज ऐकून झाले, फक्त वेलांटीताईंचा राहिला. त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं, फोटोच्या जागी नुसती एक वेलांटी काढलेली होती. त्या ‘वेलांटी’ म्हणवून घेत आणि आम्ही धाकापोटी पुढे ‘ताई’ लावत असू.

धाक होताच तसा. ‘कवीता नव्हे, कविता. दुःख पोचले,’ ही त्यांची प्रतिक्रिया. एका तरुणाने ‘तुझी आठवन’ नावाची कविता टाकली, तर खाली लगेच : ‘आठवण. बाणातला ण. आठवण खरी असेल तर ण घालायला कंजुषी कशाला?’ बिचाऱ्याने कविता दुरुस्त केली आणि प्रेमही बहुधा सोडून दिलं. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो, की बाई पुण्याच्या एखाद्या पेठेतल्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, नातेवाइकांपैकी कुणीतरी जालन्यात असेल म्हणून ग्रुपवर आलेल्या. इतकं शुद्ध लिहिणारं माणूस आपल्याकडचं असेल हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. आता आठवलं तरी मान खाली जाते.

त्यांनी स्वतःचं असं फार थोडं लिहिलं. त्यातला एक लेख ‘पाणी’. ‘माझी आई पाणी मागायची नाही, पाण्याची वाट बघायची,’ ही त्याची पहिली ओळ. त्यांच्या आईला गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. रिकामा माठ घेऊन ती खाली उभी राहायची आणि वरून एखादी बाई ओतेल तेव्हा तिचं पाणी भरायचं. आमच्याही मळ्यात विहीर होती. माझी आजी त्या विहिरीवर वर उभी राहायची की काय, हे मी कधी घरात विचारलं नव्हतं.

मग ठरलं, की एकदा सगळ्यांनी भेटायचं आणि समोरासमोर वाचायचं. वेलांटीताईंनी ‘पाणी’च वाचायचं, असा सगळ्यांनी हट्ट धरला. त्यांनी घशाची सबब सांगून पाहिली. मी लिहिलं, ‘ताई, कार्यक्रम शनिवारी आहे, घसा रविवारी बसतो.’ बाकीच्यांनी हसण्याची चित्रं टाकली आणि त्यांना यावंच लागलं.

अंबडच्या बसस्टँडमागे एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल मिळाला. आदल्या दिवशीच्या लग्नातली ‘शुभविवाह’ ही थर्माकोलची अक्षरं भिंतीवर तशीच होती. त्यांच्याखाली आम्ही एकमेकांना ओळखायचा प्रयत्न करत होतो. ‘निःशब्द’ या नावाने लिहिणारे प्राध्यापक निवेदक होते आणि ते क्षणभर गप्प बसत नव्हते. ‘एकाकी प्रवासी’ बायको, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन आले होते. पुण्याच्या ताई कधी येतात म्हणून आम्ही दाराकडे डोळे लावून बसलो, आणि तीर्थपुरीच्या बसमधून उतरलेल्या दोन साठीच्या बायका आत आल्या. पुढची चष्मेवाली, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. मागची ठसठशीत, हातात वायरची पिशवी. चष्मेवालीने रजिस्टरवर ‘वेलांटी’ लिहिलं. मी उठून उभीच राहिले. “बाई!”

त्या आमच्या सोनवणे बाई होत्या. कुंभार पिंपळगावच्या शाळेत त्यांनी मला चौथीला शिकवलं होतं.

चौथीत माझा एक मान होता. बाई शुद्धलेखन घालायच्या तेव्हा मला टेबलाशी उभं करायच्या. पुस्तकातलं वाक्य त्या स्वतः सांगायच्या, मधेच एका शब्दावर बोट ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. तो शब्द मी म्हणायचा. ‘पाणी.’ ‘लोणी.’ ‘अंगण.’ वर्गाने मला ‘बाईंचा पोपट’ असं नाव ठेवलं होतं, पण मी ते बक्षिसासारखं मिरवायची. आई पुण्याकडची, घरात कुणी ‘पानी’ म्हटलं की डोळे वटारायची, त्यामुळे माझी जीभ बरोबर जागी लागायची. तेच शब्द माझ्या वाट्याला का येतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. वाटायचं, माझा आवाज गोड आहे.

हॉलमध्ये बाईंनी माझा हात धरला, हसल्या, पण बोलल्या फारच थोडं. बोलत होत्या त्या त्यांच्या बहीण, शांतामावशी. खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, “पानी हाये का इथं? जल्दी आना बरं, घसा सुकून राह्यला.” बाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. “हळू बोल की. लोकं बघून राह्यलेत.” मावशी म्हणाल्या, “बघू दे. तहान लागल्यावर काय चिठ्ठी लिहून देऊ का?” मी हसले. बाई हसल्या नाहीत, त्यांचे कान लाल झाले होते.

मग बाईंचं वाचन आलं. त्या माईकसमोर उभ्या राहिल्या, कागद धरला आणि सुरू केलं : “माझी माता जल मागत नसे, जलाची वाट पाही.” हे काहीतरी वेगळंच होतं. लेख मला जवळजवळ पाठ होता. “डोईवर रिता माठ घेऊन ती खाली थांबे. वरच्या पायरीवरून एखादी बाई कळशी ओती, तेव्हा जलधारा माठात पडे.” माता, जल, रिता, थांबे, पाही. लेखातली ती साधीसुधी आई कुठे गेली होती कुणास ठाऊक. माझं शरीर मात्र एका जुन्या सवयीने ताठ झालं होतं. बाई आता एखाद्या शब्दाशी थांबतील, मान वर करून माझ्याकडे बघतील, याची मी नकळत वाट बघत होते. त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघायची गरजच ठेवली नव्हती. त्या संपूर्ण लेखात एकही ण नव्हता.

‘आणि’च्या जागी ‘व’ आला होता, ‘पण’च्या जागी ‘परंतु’, ‘म्हणाली’च्या जागी ‘बोलली’. येणं, जाणं, पिणं, जगणं, सगळं गाळलं होतं. आठवणीचा लेख आणि त्यात आठवण हा शब्द नाही. किती दिवस बसून त्यांनी आपल्याच लेखातून एकेक शब्द वेचून बाहेर टाकला असेल! चौथीतल्या टेबलाशी मी का उभी होते, हे मला त्या खुर्चीत बसून, चाळिशी उलटल्यावर कळलं. माझा आवाज गोड नव्हता. बाईंना तो शब्द म्हणता येत नव्हता. मला इतकी लाज वाटली, की टाळ्या सुरू झाल्या तेव्हा माझे हात मांडीवरून उठले नाहीत.

टाळ्या जोरात झाल्या. ‘निःशब्द’ माईककडे धावले. “वा! काय ती प्रमाण भाषा! आपल्या मराठवाड्यातली वाटतच नाही हो!” असं म्हणून त्यांनी स्वतःही टाळी वाजवली. माणूस भला, हे त्याने कौतुकानेच म्हटलं, आणि हॉलने कौतुकानेच मान डोलावली. मग ते म्हणाले, “ताई, आता तरी आपलं पूर्ण नाव सांगा. आम्ही किती दिवस वेलांटीवर काढायचे?” माईक बाईंच्या तोंडाशी आला.

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. आणि मग माझ्याकडे बघितलं. तीच नजर, पुस्तकावर बोट ठेवल्यावरची. मी ताडकन उठले आणि चौथीतल्यासारखं मोठ्याने म्हणाले, “सोनवणे!” हॉल खोखो हसला. सगळ्यांना वाटलं, जुन्या विद्यार्थिनीचं प्रेम उतू चाललंय. बाई खाली येऊन बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी दोघींना बसस्टँडवर सोडायला गेले. तीर्थपुरीची गाडी लागायची होती. मावशी केळी घ्यायला गेल्या तेव्हा बाई एकदम बोलायला लागल्या, आणि कधी नव्हे ते मनमोकळं बोलल्या.

“तू म्हनलीस म्हनून वाचले बघ. नवऱ्याचं नाव अरुन, आडनाव सोनवने. दोन्हीकडून फसले गं मी. नाव घ्यायला लाजते म्हनून सासरी मला लई मर्यादेची समजायचे.” त्या हसल्या आणि लगेच थांबल्या. “डी.एड.ला होते तवा एका सरानं मला उभं केल्तं. पानी म्हन, म्हने. मी म्हनले. पुन्हा म्हन. पुन्हा म्हनले. तास संपला तरी वर्ग हसूनच राह्यला. तुमच्या लोकांच्या जिभेला वळनच न्हाई, असं बोलले ते. त्या रात्रीपासून कोन्त्या शब्दात तो बानातला येतो ते पाढ्यासारखं पाठ केलं. लिहिन्यात कुनी माझी चूक काढावी, बिलकुल न्हाई.”

मी म्हटलं, “बाई, आमच्या कोर्टात सगळे पानीच म्हणतात.”

“त्यांना कुनी उभं करत न्हाई.” त्यांनी पर्समधला कागद चाचपला. “पान्यावर लिहिलं अन् पान्याशिवाय वाचलं. माय पानी म्हनायची. मी आज चार लोकात तिला जल म्हनायला लावलं. तिचीच लाज वाटल्यासारखं झालं की गं हे.”

समजूत घालायची म्हणून मी म्हणाले, “पुढच्या वेळी मूळ लेख तुमच्या वतीने मी वाचू का?”

बाईंनी माझ्या गालाला हात लावला. “तुझा तो लई चांगला हाये, विजू. पहिल्यापासून बराबर. पन ती माझी माय हाये. पुढच्या बारीला मीच वाचीन. पानी म्हनूनच वाचीन.” तेवढ्यात मावशी केळी घेऊन आल्या आणि गाडीही लागली.

पुढची बारी दिवाळीनंतर ठरली. बाईंनी त्याआधीच एक रविवार पाहून गपचूप डोळे मिटले, झोपेतच. ग्रुपवर बातमी मी टाकली. ‘श्रद्धांजली’ हा शब्द जितक्या प्रकारांनी चुकवता येतो तितके सगळे प्रकार खाली आले, आणि दुरुस्त करायला कुणी नव्हतं. माझ्या कोर्टातल्या हातांना चूक दिसली की ती खोडायची सवय आहे, तरी मी एकही दुरुस्त केली नाही.

कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. शांतामावशींना आम्ही मुद्दाम बोलावून पुढच्या खुर्चीत बसवलं. ‘निःशब्द’ म्हणाले, ‘पाणी’ तुम्हीच वाचा, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत. मी मावशींना म्हटलं, “तुमचा हक्क आहे, तुम्ही वाचा.” त्या म्हणाल्या, “मला कुठं वाचता येतंय बाई? अक्कानं शाळा केली, मी ढोरं राखली.” शेवटी मावशींनी घरून आणलेला, बाईंच्या अक्षरातला मूळ लेखाचा कागद माझ्याच हातात आला.

“माझी आई,” एवढं वाचलं आणि पुढचा शब्द आला. तो मी शुद्ध म्हटला असता, तर ती आई बाईंची राहिली नसती. ‘पानी’ म्हटलं असतं, तर ती बाईंची नक्कल झाली असती. ज्या उच्चाराच्या जोरावर मी लहानपणी टेबलाशी मिरवले, तोच उच्चार घेऊन मी माईकसमोर नुसती उभी होते. कुणीतरी खाकरलं. मग मी शब्दावर बोट ठेवलं, मान वर केली आणि मावशींकडे बघितलं.

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

“पानी,” मावशी म्हणाल्या.

“मागायची नाही,” मी वाचलं आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं.

“पान्याची.”

“वाट बघायची.”

असाच आम्ही सगळा लेख वाचला. मी वाचायचे, थांबायचे, आणि मावशी आपल्या आईचा शब्द आपल्या तोंडाने द्यायच्या. कुणी हसलं नाही. मधे एकदा मावशींचा आवाज चिरकला, तेव्हा मी थांबून राहिले, आणि त्यांनी डोळे पुसून तो शब्द पुन्हा दिला. लेखाच्या खाली बाईंनी, पुढच्या बारीसाठी म्हणून, त्या कागदावर वेलांटीऐवजी आपलं नाव लिहिलं होतं. ते मला बरोबर घेता आलं असतं. मी माईक घेऊन खाली उतरले आणि तो मावशींपुढे धरला.

“सोनवने,” मावशी म्हणाल्या. “माझी अक्का.”