पिठाची चिमूट

गिरणीतून गरम पीठ डब्यात पडायला लागलं की तो चिमूटभर उचलायचा, अंगठ्याने बोटांवर चोळायचा आणि म्हणायचा, "मी काय खोटं सांगंन व्हय?"

तुमच्याही आळीत असा एखादा गिरणीवाला असेल, दळणापेक्षा सल्ले जास्त देणारा. आमच्या तिसगावातल्या या माणसाचं कोलेस्टेरॉल जवाच्या भाकरीने उतरलं होतं. तोच सांगायचा सगळ्यांना. दुसरं पीठ मिसळू नये म्हणून शनिवारी तो फक्त जव दळायचा. एकदा त्याने वाटीत जवाचं पीठ शिजवून मला दाखवलं. "बगा वहिनी, कसं बुळबुळीत झालंय. पोटात बी असंच हुतं. ह्यो चिकटा कोलेस्टेरॉल धरून भायेर काढतो. भाऊंना गोळ्या कशाला पायजेत? माझ्याकडं बगा की."

आम्ही त्याच्याकडे बघितलं. साठीतला माणूस, पोतं एकट्याने उचलायचा. आमच्या ह्यांनी जवाची भाकरी धरली आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोडल्या.

दिवाळीनंतर ह्यांना हार्ट अटॅक आला. नगरच्या दवाखान्यात सगळ्यांच्या आधी धावत आला तो हाच, फडक्यात जवाच्या भाकरी बांधून. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं जेवलो. जेवण झाल्यावर त्याने सवयीने खिशातून पाकीट काढलं आणि एक गोळी पाण्याबरोबर गिळली. पाकीट मी ओळखलं. तसंच एक आमच्या कपाटात अर्धं पडून होतं.

"ही कधीपासून घेताय?"

"डॉक्टरनं सोडू नका म्हनून सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला. "जव बी खातो ना मी. त्यात खोटं न्हाई."

"मग ह्यांना का नाही सांगितलंत?"

त्याने पाकीट परत खिशात सारलं. "लोकं माझं ऐकाया लागली हुती, वहिनी. आजवर कोन ऐकत हुतं माझं?"

डॉक्टर म्हणाले, जव जरूर खाऊ द्या, त्याने थोडा फरक पडतो, पण ह्यांना गोळी हवीच. म्हणजे या गिरणीवाल्याने अर्धं आम्हाला सांगितलं आणि अर्धं खिशात ठेवलं.

आता हे चौकापर्यंत जाताना दोनदा थांबतात. मागच्या उन्हाळ्यात तो वारला, तेव्हा हे तसेच थांबत थांबत त्याच्या दारी जाऊन आले. "माणूस वाईट नव्हता गं," म्हणाले. मी गेले नाही. माझा राग अजून आहे, आणि तो काढायला आता माणूसच उरलेला नाही.

शनिवारी मी दुसऱ्या गिरणीत जव दळायला नेते. तिथला माणूस काही बोलत नाही. गरम पीठ डब्यात पडायला लागतं आणि मी चिमूटभर उचलून अंगठ्याने बोटांवर चोळते. लक्षात आलं की हात पदराला पुसून टाकते.