पल्याडचा बोंबील

बोईसरच्या बाजारातून आणलेली सुक्या बोंबलांची पिशवी सोडली आणि त्या वासासरशी मी सातपाटीच्या किनाऱ्यावर जाऊन पोचले. आई बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि एक दोरीच्या अल्याड, एक पल्याड सोडायचा. मी तेव्हा भौतिकशास्त्रात संशोधन करत होते आणि हरून घरी आले होते.

"गणिताप्रमाणं रिकाम्या आकाशात अफाट ऊर्जा हाय," मी तिला सांगितलं, "पण मोजायला गेलं तर जवळजवळ नायच. म्हणजे पल्याड तिला तोलणारं कायतरी असणार. तो दुसरा बोंबीलच सापडत नाय."

"कोनालाच नाय?"

"जगात कोनालाच नाय."

"मंग तू एकटीच का रडतेस?" म्हणत तिनं खाऱ्या हातांनीच माझे डोळे पुसले. ते आणखीच चुरचुरले आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

आई आता नाही. पुढल्या महिन्यात मी संशोधनातून निवृत्त होतेय, आणि दोरीची पल्याडची बाजू अजून मोकळीच आहे. तिच्या वाक्यानं तेव्हा केवढा धीर आला होता! आज ते आठवलं आणि जाणवलं, त्या दुसऱ्या बोंबलासाठी रडणारी ती एकटी मुलगीही आता माझ्यात उरलेली नाही.