विहीर क्रमांक सात

टेप अर्धा विहिरीत होता तेव्हा मालकानं विचारलं, "साहेब, आडनाव काय म्हणले आपलं?"

सांगितलं.

माझ्यासाठी आणलेला चहा त्याच्या हातात होता. तो त्यानं मातीत ओतला.

"आधी सांगायचं न्हाई का? इहिरीत टेप सोडून राह्यला अन् आता सांगतो तू?"

अकरा आठवडे मी साहेब होतो. एका आडनावात तू झालो.

मी भूजलाच्या कामावरचा तंत्रज्ञ. वाटूरच्या बाजूच्या बारा विहिरींत पाणी किती खोल आहे, ते दर मंगळवारी मोजतो. त्या दिवशी सात नंबरचा आकडा आला ९.३२ मीटर. लिहिला आणि मान खाली घालून निघालो. पन्नाशीला आलेला, दोन लेकरांचा बाप. ओतलेला चहा ओलांडून निघून आलो. हे लपवत नाही.

पुढच्या मंगळवारी तिथंच १३.४८. बाकीच्या अकरा विहिरी बोटभर खाली गेलेल्या, ही चार मीटर सोळा सेंटिमीटर. तीनदा मोजलं. मालक लिंबाखाली बसून मजेत बघत होता.

"मोज, मोज. तू गेल्ता तशा दोन मोटारी लावल्या. समदं पाणी वढ्याला सोडलं. मंग गोमूत्र टाकलं. आता बराबर हाय."

विहिरीचा व्यास सहा मीटर. हिशेब तिथंच केला. परत भरून न आलेलं पाणीच एक लाख सतरा हजार लिटरच्या वर. एप्रिल महिना. त्याच्याच मोसंबीची पानं वळत होती. मूर्खपणा लिटरमध्ये मोजायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

ऑफिसात भूवैज्ञानिक साहेब. शिकलेला, गोड बोलणारा.

"हा आकडा काढा. मागचाच थोडा वाढवून टाका. आलेखात खड्डा दिसतोय."

"कारण माहीत आहे, सर. शेऱ्यात लिहितो."

कारण ऐकून तो हसला. "अहो, हा शास्त्रीय तक्ता आहे. यात जात कशाला आणता?"

"मी नाही आणली. त्यानं आणली. चार मीटर सोळा सेंटिमीटर."

"वाद नको. ती विहीर दुसऱ्याला देतो. तुमच्याच भल्यासाठी."

मालक जे केलं ते तोंडानं सांगत तरी होता. हा खोटा आकडा मागत होता आणि त्याला शास्त्र म्हणत होता. दोघांत हा मला जास्त हलका वाटला.

त्याच्यासमोरच शेरा लिहिला: "मोजणाऱ्याची जात कळल्यावर मालकाने विहीर उपसली. आकडा बरोबर आहे." खाली सही केली. म्हणालो, "विहीर काढून घ्यायची तर लेखी द्या, कारणासकट."

तो कागद अजून आलेला नाही.

मंगळवारी मी जाणार आहे. मान खाली घालीन ती टेपवरचा आकडा वाचायला. त्यानं पुन्हा उपसली तर पुन्हा लिहीन. विहीर कोरडी पडेपर्यंत लिहीन.