दोन खांबांमधलं अंतर

यमुनेकाठचा तो मार्ग सायकलवाल्यांचा आणि चालणाऱ्यांचा, दोघांचा. आमच्या नोएडाच्या ऑफिसकडे त्याच्या सुधारणेचं काम आलं तेव्हा मुख्य तक्रार मोटरसायकलींची होती. वर पुश्त्यावर, म्हणजे नदीच्या बांधावरच्या रस्त्यावर, वाहनं तुंबली की त्या सरळ खाली उतरायच्या आणि चालणाऱ्यांच्या अंगावर यायच्या. म्हणून मार्गाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवायचं ठरलं. डिझाइन माझं.

खांबांमध्ये अंतर किती ठेवायचं? मी पुण्याची, शाळेपासून सायकलवर वाढलेली. या विषयात मला कोणी शिकवू नये, अशी माझी ठाम समजूत. मी माझ्याच सायकलचं हँडल मोजलं, दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा धरली आणि पार्किंगमध्ये खडूच्या रेघांमधून सायकल सफाईने काढून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मार्ग सुरू झाला त्या सकाळी फोटो चालले होते. तेवढ्यात एक आजोबा सायकल ढकलत आले. खाली नदीलगतच्या जमिनीत ते पालक-मुळा लावायचे आणि नोएडाच्या सेक्टरांत, म्हणजे आमच्यासारख्या वसाहतींत, नेऊन विकायचे. सर्व्हेच्या दिवसांत मी त्यांना रोज पाहत होते, त्यांचा पालकही घरी नेत होते. सायकलच्या दोन्ही बाजूंना भाजीची गच्च पोती. त्यांनी सायकल खांबांत घातली, पोती अडकली. मागे ओढली, तिरकी करून पाहिली. रागावले नाहीत. सायकल वळवली आणि चढ चढून वरच्या रस्त्याला लागले.

मी हे सगळं पाहिलं. "सवय होईल हळूहळू," असं शेजारच्या सहकाऱ्याला म्हणालेसुद्धा.

तीन आठवड्यांनी पुश्त्यावर डंपरने त्यांना उडवलं. ते जागीच गेले. मला हे तिथल्या चहावाल्याकडून कळलं.

नवरा म्हणाला, "अगं, डंपर काय तू चालवत होतीस?" नव्हते. पण त्या दिवसापासून ते आजोबा माझ्याकडे येऊ लागले. शाप देत नाहीत. मी डोळे मिटले की ते खांबांपाशी उभे असतात आणि समजुतीने सायकल वळवतात. रस्त्यात कुणाचीही लादलेली सायकल दिसली की मी मनात तिची रुंदी मोजते. मीटिंगमध्ये माझ्या डिझाइनचं कौतुक झालं की मी घाईने विषय बदलते. मला त्यांची भीती वाटायची, खरंच वाटायची. तिकडे जाणं मी बंदच केलं.

दोन महिन्यांनी आमच्या सोसायटीच्या गेटसमोर त्यांची बायको भाजी घेऊन बसलेली दिसली, मागे पोती लादलेली सायकल. वॉचमनने ओळख सांगितली. चोराच्या मनात चांदणं. मी तीन दिवस मागच्या गेटने ये-जा केली. चौथ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर जाऊन बसले आणि एका दमात बोलून टाकलं, "अम्मा, वो खंभे मैंने लगवाए थे। बाबा उनमें से निकल नहीं पाए, मैंने देखा था। मुझे माफ़ कर दो।"

ती मुळ्याची जुडी बांधत होती. हात थांबले. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. मला दोन्ही चाललं असतं.

"खंभे आपके हैं?" तिने विचारलं.

"हाँ।"

"तो निकलवा दो ना, बेटी," ती म्हणाली. "मैं भी तो रोज़ सड़क से ही आती हूँ।"

दोन महिने मी गेलेल्या माणसासाठी झोप घालवत होते. ही बाई त्याच रस्त्याने, त्याच डंपरांमधून, तशीच लादलेली सायकल ढकलत रोज येत होती. आणि खांब काढा म्हणून मी ऑफिसात एक ओळही लिहिली नव्हती.