शंभर वॉटचा मामा

आमची ताई एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ! जुने, काचेच्या व्हॉल्ववाले रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करते, तेही उभ्याने, स्वतःशी बडबडत. दुकानाला लागून पत्रा कापायचं वर्कशॉप. त्यामुळे आमच्याकडे कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. मी पुढे गिऱ्हाईक सांभाळते आणि हिचा एकच चहा तीनतीनदा गरम करते.

त्या आठवड्यात तर तिने नुसता उच्छाद मांडला होता. कारण मामा. मामा गिटार वाजवतो. त्याचा शंभर वॉटचा अगडबंब अँप पूर्वी मोठमोठे हॉल दणाणून सोडायचा, आता मामाच्या भाड्याच्या एका खोलीत होता. घरमालकिणीने बजावलं होतं, येत्या सोमवारनंतर एक जरी तक्रार आली तर खोली रिकामी करायची.

“मग आवाज कमी कर ना!” तो दुकानात आला तेव्हा मी ओरडले.

“कमी केला की सूर मरतो,” मामा ओरडला.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. पण ताई म्हणाली, बरोबर आहे त्याचं. व्हॉल्व पुरते पिळल्याशिवाय हा अँप भरदार वाजतच नाही. म्हणजे आवाजाचं बटण पूर्ण पिरगळलेलंच ठेवायचं आणि ताकद कमी करायची.

चारपैकी दोन व्हॉल्व तिने काढले, स्पीकरची पिन दुसऱ्या सॉकेटात लावली. शंभराचे पन्नास वॉट झाले. मामाच्या खोलीत नेऊन वाजवलं, तर पलीकडून भिंतीवर धडाधड थापा!

“वॉट निम्मे झाले म्हणून आवाज निम्मा होतो होय?” ताई माझ्यावरच खेकसली. “कानाला जेमतेम कळतं!” जसं काही ते व्हॉल्व मीच बनवले होते.

मग तिने जाडजूड रेझिस्टरांची एक पेटी बनवली. अँप आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची, म्हणजे बरीचशी ताकद तिथेच उष्णता होऊन विरून जाते. तीन दिवस ही बया उभ्यानेच जेवली. हात भाजला, तोंड सुटलं, मी आपला चहा गरम करत राहिले.

रविवारी दुपारी मामाच्या खोलीत पेटी जोडली. मामा वाजवू लागला, ताई पेटीवरची कळ फिरवत गेली आणि आवाज उतरत उतरत साध्या बोलण्याइतका झाला. पण सूर तोच, तसाच भरलेला! मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. ताई चक्क खुर्चीत बसली.

मामाने वाजवणं थांबवलं. “अगं, बंद का केलास? चालू कर की परत.”

अँपचा लाल दिवा लागलेला होता.

“चालूच आहे, मामा,” ताई नेहमीच्या आवाजात म्हणाली. तो गिटारच्या तारांकडे बघत होता. त्याने मान वर केली नाही.

त्याला ऐकूच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्याच्याशी घसा फोडून बोलायचं आणि शिव्या त्या वर्कशॉपला द्यायच्या!

ताई उठून त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि ओरडली, “मामा, वाजत होतं! फार छान वाजत होतं!”

त्याने लाल दिव्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“म्हणजे अँप बिघडलेला नाही?”

“नाही!”

“बरं झालं,” मामा म्हणाला आणि गिटार मांडीवरून खाली ठेवली.